उल्कांच्या धुळीतून आलेली हाक

कामोसे बेट
१० ऑगस्ट १९७४

प्रिय सुमिए,

हवापाण्याचं विचारत बसत नाही, राग मानू नकोस. ह्यांची बोट, आपली एबिसु मारू, अजून आलेली नाही.

बाकीच्या सगळ्या माकूळवाल्या बोटी परवा उत्तरेहून परतल्या. मी धक्क्यावर उभी होते. मच्छीमार संस्थेच्या हामासाकींचा पुतण्या दोर बांधता बांधता म्हणाला, "इवाओ पोचला नाही? तो तर आमच्या आधी निघाला. मी म्हटलंसुद्धा, एवढी घाई कसली, बायको पळून चाललीय का? तर म्हणाला, बायको नाही रे, बाप यायचाय." बॉनला पितर घरी येतात, तसे मामंजी येणार आणि त्यांना वाट दाखवणारी शेकोटी थोरल्या मुलानेच पेटवायची, म्हणून हे ताफा सोडून एकटे निघाले. खलाशी पोटदुखीने तिकडच्या बंदरातच राहिला होता. म्हणजे बोटीवर हे एकटेच.

आधी निघाले म्हणजे असतील तर इथेच कुठेतरी असतील, असं सगळे म्हणतात. गावातल्या बोटी रोज पहाटे बाहेर पडतात, खडकांच्या मागे, दीपस्तंभापलीकडे पाहून येतात. सासूबाई रोज न्हाणीचं पाणी तापवतात आणि ते निवलं की त्यातच कपडे भिजवतात.

मी रेडिओच्या खोलीत बसते. पाळी कुणाचीही असली तरी मीच बसते, बायका काही म्हणत नाहीत. तुला आठवतं ना, ह्या रेडिओचा जीव केवढासा. दीपस्तंभाच्या थोडं पुढे गेलं की बोटीचा आवाज मुंगीसारखा होतो. पण इथेच असतील तर ऐकू येईलच.

तू शहरात आहेस, चार लोकांना ओळखतेस. तिथल्या तटरक्षकांच्या कचेरीत जाऊन विचारशील का? मी असं म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, "तिला कशाला त्रास, ती आकाशाला दिवा दाखवण्यात गुंतलीय." पण त्या तुझी वाट पाहतात. बॉनला येशील ना?

तुझी वहिनी
तामाओ

•

फुकुओका
१२ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

पत्र मिळताच कचेरीत गेले. त्यांची गस्तीची बोट कामोसेला दोन वेळा फेरी मारून गेलीय म्हणतात. कोकुबु नावाचे एक अधिकारी आहेत, बोलायला बरे आहेत. त्यांनी मला नकाशा दाखवला. बेटाभोवती त्यांनी पेन्सिलने एवढं खरडलंय की कागद फाटायला आलाय. "इथे असता तर एव्हाना दिसला असता," एवढं म्हणाले आणि पुढचं गिळलं.

मी आजच निघायला हवं होतं. निघाले नाही. आज आणि उद्या वर्षातला मोठा उल्कावर्षाव आहे आणि आमच्या यंत्रावर दोनच माणसं. प्राध्यापक म्हणाले, घरी जायचं तर जा. पण ते असं म्हणाले की मी राहिले. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही सगळ्यांनी मला इथे पाठवलंत, आणि मी नेमकी गरजेला नाही. चौदाला निघते.

दादा गेल्या वर्षी प्रयोगशाळेत आला होता ते तुला सांगितलं असेल. मी त्याला समजावत होते, की उल्का जळते म्हणजे नाहीशी होत नाही. तिच्यातलं लोखंड, मॅग्नेशियम, सोडियम वाफ होऊन तिथेच उरतं, ढगांच्या कितीतरी वर, आणि तिथल्या हवेत मिसळून नव्या नव्या रूपांत फिरत राहतं. आम्ही खालून पिवळा प्रकाश सोडतो आणि त्यातल्या सोडियमची चमक मोजतो. दादाने सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "सोडियम म्हणजे मिठातलंच ना? सुमिए, त्यासाठी आकाशात कशाला गेलीस? मीठ घरी पोत्याने आहे." प्राध्यापकसुद्धा हसले. जाताना मात्र हळूच म्हणाला, "मला काही कळलं नाही, पण तू थांबू नकोस."

वहिनी, तो असेल. तू खात जा.

सुमिए

•

कामोसे
१४ ऑगस्ट, सकाळ

सुमिए,

येऊ नकोस असं म्हणत नाही, पण घाईही करू नकोस. आता घाईचं काही उरलं नाही.

काल शोधाच्या बोटींचा शेवटचा दिवस होता. बॉनमध्ये कुणी समुद्रावर जात नाही हे हामासाकींनी मला पुन्हा सांगितलं, जसं काही मी परक्या गावची. संध्याकाळी मीच माईकवरून बोटींना हाका मारल्या. "परत या, शेकोट्या पेटायची वेळ झाली. ओकुमे आजींनी लाडू केलेत, उशीर केलात तर पोरं संपवतील." एकेक बोट आत आली. मग दरवर्षीसारखं, सगळ्यांत थोरल्या म्हणून, ओकुमे आजींनी माईकवर पांढरं कापड घातलं. रेडिओ चालूच ठेवतात ना, पितरांच्या तोंडावर दार लावायचं नाही म्हणून. फक्त उत्तर द्यायचं नाही.

आधी रेडिओवर त्या उत्तरेकडच्या बायका आल्या. उन्हाळ्यात कधी कधी येतात तशा, अगदी कानात बोलल्यासारख्या. समुद्री पानं वाळत घातलीत, पाऊस नको यायला, असलं काहीबाही त्यांच्या हेलात. आजी म्हणाल्या, "बघ, वाट उघडली. आता आपले येतील."

आणि हे आले.

"एबिसु मारू. एबिसु मारू. इंजिन गेलंय. वाहत चाललोय. पाणी गार आहे. कुणी ऐकतंय का?"

ह्यांचाच आवाज. सर्दी झाल्यासारखा जरा बसलेला. मी उठले. आजींनी माझा हात धरला. त्यांच्या हाताला एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. म्हणाल्या, "पोरी, समुद्रावर आज आपली एकही बोट नाही. मग बोलतंय कोण? उत्तर दिलंस तर तो धड तिकडे जायचा नाही, धड इकडे यायचा नाही. आणि तुलाही नेईल." पाणी गार आहे, हे बुडालेलेच म्हणतात, असंही म्हणाल्या. खरंच आहे. ह्या दिवसांत आपलं पाणी न्हाणीतल्यासारखं कोमट असतं. गार कसं असेल?

मी उत्तर दिलं नाही. कापडाकडे बघत उभी राहिले. थोड्या वेळाने सगळेच आवाज गेले, बायकांचेही.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या शेकोटीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "बापाबरोबर आला म्हणजे. बरं झालं, वाट चुकला नाही." मग मामंजींच्या ताटाशेजारी दुसरं ताट वाढलं.

उद्या संध्याकाळी पितरांना परत पाठवायला समुद्रात दिवे सोडायचे. मामंजींच्या दिव्याशेजारी ह्यांचाही सोडणार आहेत. आजच्या दुपारच्या टपालाच्या बोटीने हे पत्र जाईल. दिवा सोडताना तू इथे असावंस असं मला वाटतं, पण तू ठरव.

तामाओ

•

फुकुओका
१५ ऑगस्ट, संध्याकाळ

वहिनी,

तार मिळाली असेल. "दिवा सोडू नका दादा जिवंत आहे सुमिए." टपाल कचेरीतल्या मुलीने दोनदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी शुद्धीवर आहे. काल निघायचं होतं, गाडी चुकली, म्हणून तुझं पत्र इथेच हाती पडलं. हे पत्र सावकाश वाच आणि आईला वाचून दाखव.

तू जे ऐकलंस ते भुताचं नव्हतं. तुझ्या पत्रात उत्तरेच्या बायकांचं वाचलं आणि तेवढंच पुन्हा पुन्हा वाचलं. त्या बायका मेलेल्या नाहीत गं! आपल्यासारख्याच कुठल्याशा बंदरात, आपल्यासारख्याच रेडिओपाशी बसलेल्या असतात. एरवी त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचायचं कारण नाही. तो वरून येतो.

मी तुला लिहिलं होतं ना, उल्कांचं लोखंड वर उरतं म्हणून. उन्हाच्या मारामुळे त्या लोखंडाच्या कणांवर विजेचा भार येतो. हवेच्या स्वतःच्या कणांवरही येतो, पण त्यांचा लगेच विझतो. लोखंडाचा टिकतो, फार टिकतो. मग तिथले उलटसुलट वारे त्या कणांना दोन तळव्यांमध्ये दाबावं तसे दाबतात आणि त्यांचा पातळ, दाट पापुद्रा होतो. खालून गेलेला रेडिओचा आवाज त्या पापुद्र्याला धडकून परत फिरतो आणि हजार किलोमीटरवर जाऊन उतरतो. मधल्या कुणालाच ऐकू येत नाही, पलीकडच्याला मात्र कानाशी बोलल्यासारखा. आरशासारखंच. आरशात मला तू दिसतेस तशी तुला मी.

तेराच्या संध्याकाळी आमच्या यंत्रावर सोडियमचा थर असाच चेपून पातळ झालेला दिसला. मी आनंदाने टाळ्या वाजवल्या होत्या, वहिनी. त्याच वेळी तू कापडाकडे बघत उभी होतीस. रेडिओच्या लहरी वरून किती जोराने परततात हे मोजणारं एक केंद्र आहे, तिथे माझी मैत्रीण आहे, तिला आज फोन केला. ती म्हणाली, तेराला एवढा जोर होता की त्यांची मोजणीच अपुरी पडली. त्या एका रात्रीच्या उल्कांमुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, धूळ तर वर्षभर साचत असते. पण आरसा होता. आणि तो ज्या बाजूने उत्तरेच्या बायकांना घेऊन आला, त्याच बाजूने दादाला घेऊन आला.

म्हणून पाणी गार आहे! तो इथे जवळ नाहीच. तो निघाला खरा, पण इंजिन वाटेत सुरुवातीलाच गेलं असणार, आणि प्रवाहाने त्याला उलट वर नेलं. सगळे दारात शोधतायत आणि तो सादो बेटाच्याही पलीकडे वाहतोय. बर्फाच्या खणात पाणी असेल, माकूळ असेल. तो जगू शकतो.

मी हे सगळं घेऊन कोकुबुंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, आकाशाचं मला कळत नाही, तुम्ही म्हणता तर असेल. पण उत्तरेकडे जहाज वळवायला मला वरिष्ठांना काहीतरी दाखवावं लागेल. कामोसेच्या संस्थेने आवाज आल्याचं कळवलेलंच नाही." मग मी त्यांच्याच टेबलावरून हामासाकींना फोन लावला. ते काय म्हणाले सांगू? "बॉनमध्ये रेडिओची नोंद ठेवत नाहीत हे तुला माहीत नाही? पोरी, तू पुस्तकं वाच, समुद्र आमच्यावर सोड." तुला बोलवा म्हटलं तर, दुखवट्यातली बाई फोनवर येत नाही म्हणाले आणि ठेवून दिला.

म्हणजे आता तूच. ज्याने ऐकलं त्याने स्वतः सांगितलं तर चालेल असं कोकुबु म्हणालेत. तारीख, वेळ, शब्द आणि उत्तरेच्या बायकांचं सगळं. तुला फक्त संस्थेच्या कचेरीत जाऊन फोन उचलायचा आहे. पत्राच्या मागे नंबर लिहिलाय. मी इथून हलत नाही, रोज त्यांच्या दारात बसते.

वहिनी, उद्या नको, आत्ता.

सुमिए

•

कामोसे
१७ ऑगस्ट

सुमिए,

दिवा सोडला. तुझी तार आली तेव्हा सासूबाई वात वळत होत्या. मी वाचून दाखवली. त्यांनी वात पुरी केली, मग म्हणाल्या, "लहानपणी बापाच्या टोपलीतला मासा कालचा आहे हे गिऱ्हाइकाला सांगायची ही. खोटं बोलता येत नाही हा रोगच तिला. पण वेडं बोलता येतं हे आत्ता कळलं." आणि दिवा घेऊन निघाल्या. लाट नव्हती. मामंजींचा दिवा लगेच गेला. ह्यांचा खडकाला लागून फिरत राहिला, शेवटी कुणीतरी काठीने ढकलला.

तुझं पत्र काल आलं. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलेलं नाही.

तू किती सहज लिहितेस गं! आत्ता जा, फोन उचल. तू तिथे प्रकाश वर सोडतेस, खाली कोण उभं आहे ते तुला दिसत नाही. माझ्या जागी उभी राहून बघ. ते मेलेले होते तर मी केलं ते बरोबर केलं. सगळं गाव तसंच म्हणतं, ओकुमे आजी दोन दिवस माझ्यासाठी जेवण घेऊन येतायत, म्हणतात, धीराची पोर, नवरा हाक मारतोय आणि डगमगली नाही. आणि तू म्हणतेस ते जिवंत होते. जिवंत माणूस, एकटा, इंजिन बंद, विचारतोय कुणी ऐकतंय का. आणि त्याची बायको माईकपासून दोन हातांवर उभी राहून गप्प बसली. हे मी कचेरीत फोनवर सांगू? हामासाकी शेजारी उभे असताना? आणि मग घरी येऊन सासूबाईंना काय सांगू, दुसरं ताट काढून ठेवा?

तू त्यांना जिवंत करतेस ना, तेव्हा मला काय करतेस ते बघ.

रात्री रेडिओच्या खोलीत आता कुणी नसतं. मी जात नाही. घरात भांडं वाजलं तरी दचकते.

एकच विचारते. खरं लिही. मी त्या वेळी उत्तर दिलं असतं, तर त्यांना ऐकू गेलं असतं का?

तामाओ

•

फुकुओका
१८ ऑगस्ट
(तातडीचं टपाल)

वहिनी,

नाही. ऐकू गेलं नसतं.

वरचा तो पापुद्रा सपाट नसतो, वाऱ्याने कलंडलेला असतो. तिकडून आलेला आवाज इकडे उतरतो, पण इकडून गेलेला दुसरीकडेच कुठेतरी निघून जातो. त्या दिवशी तो तसाच कलंडला होता, आमच्या मोजणीवरून कळतं. तू माईकवर ओरडली असतीस तरी त्याला काही कळलं नसतं. तुझ्या गप्प बसण्याने काहीही बिघडलेलं नाही.

आता तरी जा. काल कोकुबु माझ्यासाठी चहा घेऊन बाहेर आले. म्हणाले, "ताई, मी तुमच्या वयाचा असताना असंच कुणाच्या तरी दारात बसायला हवं होतं." पण जहाज वळवत नाहीत. वळवता येत नाही त्यांना. तुझ्या तोंडून हवंय.

वहिनी, त्याच्याजवळचं बर्फ आता वितळून संपलं असेल. मी अजून काय लिहू? तू लग्न होऊन घरात आलीस त्या पहिल्या दिवशी मला विचारलं होतंस, रात्री दिवा लावून वाचतेस तर डोळे दुखत नाहीत का, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशाने मोठा दिवा आणला होतास. त्या दिव्याची शपथ घालते. जा.

सुमिए

•

तार
कामोसे, १९ ऑगस्ट

फोन केला सर्व सांगितले तामाओ

•

फुकुओका
२२ ऑगस्ट

वहिनी,

तुला कचेरीतून कळलंच असेल, तरी मला लिहायचंय.

सापडला. पार उत्तरेला, ओगाच्या भूशिराच्या बाहेर, किनाऱ्यापासून फार लांब. बोटीवर कुणी उभं दिसलं नाही म्हणून जहाजावरचे लोक आधी ती रिकामीच समजले. तो माशांच्या खणात पडला होता. श्वास चालू होता. आकिताच्या इस्पितळात नेलंय. बोलत नाही, पण पाणी घेतो.

कोकुबुंनी मला हे सांगितलं आणि स्वतःच खुर्चीवर बसले. मी उभीच होते. मला रडू आलं नाही. मी त्यांना विचारलं, "पाणी किती गार होतं हो तिथे?" ते म्हणाले, "ताई, घरी जा."

मी आज रात्रीच्या गाडीने आकिताला निघते. तू आईला घेऊन ये.

आणखी एक सांगायचंय. ते तिथे भेटल्यावर सांगेन.

सुमिए

•

कामोसे
१४ सप्टेंबर

प्रिय सुमिए,

घरी पोचून आठवडा झाला. पोचल्याबरोबर लिहायला हवं होतं, पण तू आकिताला एवढ्या वेळा माझ्याशी बोलायला आलीस आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी काम काढून उठले, त्याची लाज वाटत होती. तू जे सांगणार होतीस ते मला माहीत होतं. म्हणून उठत होते.

कलंडलेल्या पापुद्र्याचं ते. खोटं होतं ना?

तू रडू नकोस. मला ते वाचतानाच कळलं होतं. आधीच्याच पत्रात तू दोन्ही बाजूंनी सारखंच दाखवणाऱ्या आरशाचं लिहिलं होतंस. आणि तेही जाऊ दे. मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती. त्या संध्याकाळचे ह्यांचे सगळे शब्द मी तुला लिहिलेच नव्हते. शेवटी हे म्हणाले होते, "तामाओ, तुझा आवाज येतोय. बोलत राहा." मी बोटींना परत बोलावत होते ना, लाडवांचं सांगत होते, ते सगळं ह्यांना तिथे ऐकू गेलं होतं. म्हणूनच ह्यांनी रेडिओ उचलला होता.

तरीही मी तुला विचारलं. का, ते आता कळतंय. तू खरं लिहिशील याची मला खात्री होती. ऐकू गेलं असतं, असं लिहिशील, आणि मग मी तुझ्यावर रागावून दार लावून बसेन, फोन करायचा प्रश्नच नाही. तू "नाही" लिहिलंस. मी ते पत्र हातात घेऊन ओट्यावर बसले. बापाचा मासा कालचा आहे म्हणून सांगणारी पोर, तिने खोटं लिहिलंय. आमच्या मोजणीवरून कळतं, असंसुद्धा लिहिलंय. ती मोजणी तुला देवासारखी आहे हे मला ठाऊक आहे. तीच पणाला लावतेय म्हणजे हिला हे जिवंत दिसतायत, आपण समोरचं भांडं बघावं तसे दिसतायत. तुझं खरं वाचून मी गेले नाही. तुझं खोटं वाचून उठले.

फोनवर मी तेही वाक्य सांगितलं. हामासाकी शेजारीच होते. त्यांनी टोपी काढली आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

आता ह्यांचं. पायांची सूज उतरली. भात खातात. सासूबाई मासा सोलून पानात वाढतात आणि पूर्ण वेळ समोर बसतात. दिवा सोडल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं ह्यांना. हे म्हणाले, "चांगला होता का?" तेव्हा त्या उठून मागच्या दारी गेल्या.

मला हे काही विचारत नाहीत. मी वाट पाहत होते. शेवटी तीन दिवसांपूर्वी, संध्याकाळी, मीच म्हटलं, "मी ऐकलं होतं. मी तिथेच होते."

हे म्हणाले, "माहीत आहे."

मग म्हणाले, "बॉनची संध्याकाळ होती. कापड घातलं असणार. मी पण ह्याच गावचा ना. उत्तर आलं नाही तेव्हा म्हटलं, बरोबर आहे, आपण गेलो असंच धरलंय त्यांनी. मग मलाच कळेना, आपण आहोत की गेलो. हात दाबून बघितला, दुखला, तरी कळेना. गावाला जास्त माहीत असणार असं वाटलं. म्हणून रेडिओ बंद केला. नंतर लावला नाही. बॅटरी होती."

सुमिए, बॅटरी होती.

मला त्या वेळी काय सुचलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "आता हाक मारा. तशीच. शब्द तेच."

हे नको म्हणाले. मी हटले नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसले, म्हणजे आम्ही एकमेकांना दिसणार नाही. सासूबाईंनी स्वयंपाकघरातलं पाणी बंद केलं. मग माझ्या पाठीमागून तो आवाज आला, अगदी तोच, बसलेला.

"एबिसु मारू. एबिसु मारू. कुणी ऐकतंय का?"

मी म्हटलं, "एबिसु मारू, ऐकतेय. जागा सांगा."

मी पुन्हा म्हटलं, "एबिसु मारू, मी तामाओ. ऐकतेय. जागा सांगा."

तेव्हा म्हणाले, "माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. ह्यांनी हाक मारली, मी जागा विचारली. माहीत नाही म्हणाले. कालही तेच. आज सासूबाई येऊन माझ्या शेजारी बसल्या, भिंतीकडेच तोंड करून. आजही तेच.

उद्या पुन्हा विचारणार आहे.

तुझी
तामाओ